सिनेमा पहिल्या धारेचा

‘थंडर रोड’ म्हटलं की आज बहुतेकांना ब्रूस स्प्रिंगस्टीनचं १९७५ सालचं गाणं आठवतं. त्या गाण्याचं नाव एका सिनेमाच्या पोस्टरवरून उचललेलं आहे, आणि सिनेमा आपण पाहिलेला नाही हे स्प्रिंगस्टीनने पुढे कार्यक्रमात लोकांसमोर हसत सांगितलं. एखाद्या चित्रकृतीच्या नशिबी याहून विचित्र अमरत्व काय येणार? नाव जगभर, आणि सिनेमा कुणी पाहिलेला नाही.

सिनेमा १९५८ च्या मे महिन्यातला. कृष्णधवल, दीड तासाचा, बेताच्या पैशांत उत्तर कॅरोलायनातल्या अॅशव्हिलच्या आसपास चित्रित केलेला. दिग्दर्शक म्हणून नाव आर्थर रिप्लीचं, पण खरा मालक रॉबर्ट मिचम. नायक तो, निर्माता तो, मूळ कथा त्याची, गाण्यांतही त्याचा हात, आणि धाकट्या भावाच्या भूमिकेत त्याचा सख्खा पोरगा जेम्स. समीक्षकांनी फारशी दखल घेतली नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत मात्र गाडीत बसून सिनेमा पाहायच्या त्या उघड्या मैदानांवर हा वर्षानुवर्षं फिरत राहिला. ज्यांच्यावर तो बेतला होता तेच त्याचे प्रेक्षक होते. ती मैदानं ओस पडली आणि सिनेमाही विस्मरणात गेला.

गोष्ट सरळ आहे. पूर्व अमेरिकेतल्या अॅपलॅचियन डोंगरातल्या एका खोऱ्यात घरोघरी मक्याची दारू गाळतात. ल्यूकस डूलिन कोरियाच्या युद्धावरून परतलेला. बाप गाळतो, पोरगा रात्री गाडीत भरून मेम्फिसकडे पोचवतो. धाकटा रॉबिन इंजिनाच्या कामात तरबेज, आणि ल्यूकला धास्ती एवढीच की हा पोरगा उद्या चाकामागे बसायला नको. पाठीवर सरकारी ट्रेझरी खात्याची माणसं आहेत. त्यातच शहरातून कार्ल कोगन नावाचा टोळीवाला उगवतो. त्याला खोऱ्यातल्या सगळ्या भट्ट्या आणि त्यांची गिऱ्हाइकं आपल्या मुठीत हवी आहेत.

हा सिनेमा जुना आणि दुर्मीळ म्हणून मी त्याची बाजू घेत नाही. जुने आणि दुर्मीळ सिनेमे पुष्कळ आहेत आणि त्यातले बरेचसे विसरले गेले हेच बरं झालं. माझं म्हणणं असं की दारू आणि कायदा यांबद्दल आपण जे तावातावाने बोलतो त्यात एक माणूस कायम गळतो, आणि तो माणूस या सिनेमाच्या मध्यभागी बसलेला आहे. आपल्याला गाळणारा दिसतो, विकणारा दिसतो, पिणारा तर दिसतोच. नेणारा दिसत नाही. पोलिसांच्या पत्रकात तो ‘वाहतूक करताना मिळून आला’ इतकाच असतो. अमेरिकन बोलीत मात्र तिघांना तीन शब्द आहेत: चंद्राच्या उजेडात गाळणारा मूनशायनर, चोरून विकणारा बूटलेगर, आणि यांच्यामधला रस्ता तुडवणारा रनर. ल्यूक डूलिन रनर आहे.

आता एक गैरसमज आधी काढून टाकू. अमेरिकन चोरटी दारू म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर शिकागो, टोप्या घातलेले गुंड आणि दारूबंदीचा काळ येतो. ती बंदी १९२० च्या जानेवारीत लागू झाली आणि १९३३ च्या डिसेंबरात उठली. ‘थंडर रोड’ची गोष्ट त्यानंतर वीसेक वर्षांनी घडते. बंदी नाही, तरी भट्टी आहे. का? कारण डोंगरातल्या माणसाचं भांडण बंदीशी कधी नव्हतंच, ते कराशी होतं. १७९१ मध्ये अमेरिकेचा अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनने व्हिस्कीवर कर बसवला. डोंगरातला मका खाली बाजारात न्यायचा तर वाहतुकीतच नफा खलास व्हायचा, म्हणून शेतकरी त्याची दारू करून न्यायचा. मोठा माल लहान होई आणि टिकेही. कर पडला तो थेट या हिशेबावर. १७९४ मध्ये पेनसिल्व्हेनियात बंड पेटलं आणि ते मोडायला खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन हजारोंचं सैन्य घेऊन निघाला. राष्ट्राध्यक्ष जेफरसनच्या काळात, १८०२ मध्ये, कर गेला. यादवी युद्धाच्या खर्चासाठी १८६२ मध्ये पुन्हा आला, आणि मग मात्र कायमचाच. १९५१ पासून तर तो गॅलनमागे साडेदहा डॉलर होता. दारू गाळायला येणाऱ्या खर्चापेक्षा कर कितीतरी जास्त. हे साडेदहा डॉलर म्हणजेच ल्यूकचा धंदा. त्यात दक्षिणेतल्या कित्येक काउंट्यांनी, म्हणजे जिल्ह्यांनी, बंदी उठल्यावरही आपापल्या हद्दीत दारू बंदच ठेवली होती, म्हणजे गिऱ्हाईकही तयार.

म्हणून त्याच्या मागावरची माणसं नीतीच्या खात्याची नाहीत, तिजोरीच्या खात्याची आहेत. आपल्याला हे नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडेही हातभट्टीवर छापा घालणाऱ्या विभागाचं नाव ‘राज्य उत्पादन शुल्क’ असं आहे. त्या पाटीत पाप कुठेच नाही, शुल्क आहे. आणि हेही आजचं नाही. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला तेव्हापासून गावातली ताडी आणि घरची दारू ही सरकारी महसुलाची चोरी ठरली. १८९२ मध्ये तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवरच कायदा झाला. झाडावरून पडलेलं फूल, जे आदिवासी घरात अन्न म्हणूनही शिजतं, ते साठवणं गुन्ह्याच्या कक्षेत आलं. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा झाला. त्याच्या नावात आता ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ आहे, आणि तो अजून लागू आहे. कागदोपत्री आपण दारूबंदीच्या राज्यात राहतो आणि परवान्यावर पितो. तिजोरीला महसूल हवा आणि व्यासपीठाला बंदी हवी, असा हा दुहेरी संसार आहे. डूलिनच्या बापाला तो समजावून सांगावा लागला नसता.

सिनेमाची खरी श्रीमंती मात्र गाडीत आहे. मी यावर थोडा रेंगाळणार आहे, कारण सिनेमाही रेंगाळतो. ल्यूककडे आधी १९५० ची फोर्ड, नंतर १९५७ ची. बाहेरून कुणाच्याही दारात शोभेल अशी, आतून मागची जागा रिकामी करून तिथे टाकी. एवढा माल भरला की गाडी मागून बसते, आणि बसलेली गाडी लांबून ओळखू येते. म्हणून मागच्या स्प्रिंगा भक्कम करायच्या. पण मग रिकामी परतताना गाडीचं बूड हवेत! म्हणजे जाताना साधी दिसणारी गाडी येताना चुगली करते. सरकारी माणसं नुसती बूड बघून धंदा ओळखत. सिनेमात सरकारी गाडीला पुढे चिमटे लावलेले आहेत, ते ल्यूकचा मागचा बंपर पकडतात, आणि ल्यूकने बंपरच असा बसवलेला असतो की खटका ओढला की तो सुटून त्यांच्याच हाती राहावा. पाठलागाची दृश्यं आज शेकड्याने पाहायला मिळतात. त्यात वेग असतो, पण कामातली अक्कल क्वचित असते. इथे प्रत्येक वळणामागे कुणीतरी गॅरेजात रात्र घालवलेली आहे, हे जाणवतं.

हीच अक्कल पुढे अमेरिकेचा मोठा खेळ झाली. १९४९ च्या जूनमध्ये शार्लट इथे नॅसकार या मोटारशर्यतींच्या संस्थेची पहिली ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ शर्यत झाली, म्हणजे कारखान्यातून निघाली तशीच गाडी पळवायची. त्यात पहिला आलेला ग्लेन डनअवे तपासणीनंतर बाद ठरला. कारण? गाडीच्या मागच्या स्प्रिंगा दारूवाहतुकीसाठी भक्कम केलेल्या होत्या. बक्षीस दुसऱ्या क्रमांकाच्या जिम रोपरला गेलं. उत्तर कॅरोलायनाच्या विल्क्स काउंटीचा ज्युनियर जॉन्सन तर बापाच्या भट्टीवर १९५६ मध्ये पकडला गेला, ओहायोच्या तुरुंगात अकरा महिने काढून आला, १९६० ची ‘डेटोना ५००’ ही मानाची शर्यत जिंकला, एकूण पन्नास शर्यती जिंकला, आणि १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली. २०१० मध्ये नॅसकारच्या मानकऱ्यांच्या पहिल्याच तुकडीत त्याचं नाव होतं. ‘थंडर रोड’ आला तेव्हा हा सगळा सन्मान भविष्यात होता, आणि जॉन्सन नुकताच सुटून आला होता. आपल्याकडे डूलिनची टाकी म्हणजे ट्रकच्या टायरची ट्यूब. तिच्यात गावठी भरून, पोत्याखाली दडवून, मोटरसायकलवर नेणाऱ्या पोरांच्या हातातही कसब असतं. त्यांना शर्यत कुणी लावून दिली नाही, एवढंच.

आता गाभ्याकडे. कोगन खोऱ्यातल्या लोकांना सांगतो की तुमचा माल मलाच विका, भाव मी ठरवीन, तुमच्या गिऱ्हाइकांकडे मी जाईन. नकार देणाऱ्यांच्या गाड्या रस्त्यावरून खाली जाऊ लागतात. मग ल्यूकला उडवण्यासाठी त्याने रचलेला डाव फसतो आणि त्यात एक दुसरा रनर व एक सरकारी माणूस मरतो. यानंतर काय होतं ते नीट पाहा. सरकारचा संताप योग्यच आहे, आपला माणूस गेलाय. पण तो संताप उतरतो कुठे? खोऱ्यातल्या भट्ट्यांवर. तांब्याची भांडी फोडली जातात, पिंपं ओतली जातात. कोगन शहरात आहे, त्याच्याकडे कचेरी आहे, त्याच्यावर पुरावा जमवायला वेळ लागतो. खोऱ्यातलं धुराडं मात्र डोळ्यांना दिसतं. कायदा कठोर झाला की आधी तो हाताशी असलेल्याला सापडतो. आणि मोकळी झालेली जागा बळकावायला जो तयार बसलेला असतो, तो कोगनच.

मला हा सिनेमा मोठा वाटतो तो इथे. गुन्हेगारी सिनेमाची ठरलेली वाट अशी की एकीकडे कायदा, एकीकडे टोळी, आणि नायकाने यातली एक बाजू निवडायची. मिचमने तिसरी जागा दाखवली. तिथे उभं राहिलं की सरकार आणि टोळी समोरासमोर नसतात, एकाच रस्त्याने तुमच्याकडे येत असतात. दोघांनाही एकच गोष्ट नको आहे: लहान, स्वतंत्र, आपल्या नोंदवहीत नसलेला माणूस. यात सरकार आणि गुंड सारखेच, असला स्वस्त निष्कर्ष नाही. जीन बॅरीने केलेला ट्रेझरी अधिकारी सभ्य आहे, ल्यूकला वाचवता आलं तर बरं असं त्याला मनापासून वाटतं. तो वाईट नाही, आणि तरी त्याच्या येण्याने खोरं उद्ध्वस्त होतं. वाईट पोलीस दाखवणं सोपं असतं. चांगला पोलीसही काही वाचवू शकत नाही, हे दाखवायला धाडस लागतं.

यावर आक्षेप येणार, आणि तो यायलाच हवा. हे सगळं दारूवाल्यांचं कौतुक नाही का? भरधाव गाडी, मिचमचे ते अर्धमिटले डोळे, ओठात सिगारेट. चोवीस तास शुद्धीत असलेल्या पोरालाही वाटेल की आपणही रनर व्हावं. या आक्षेपाला मी अर्धा मान देतो. शेवट पाहिला की बाकीचा अर्धा उरत नाही. रस्त्यावर पसरलेल्या खिळ्यांनी टायर फुटतात, गाडी विजेच्या उपकेंद्रावर जाऊन आदळते आणि ल्यूक संपतो. ना झुंज, ना संवाद. मिचम स्वतः १९४८ मध्ये गांजाच्या प्रकरणात पकडला जाऊन तुरुंगात राहून आलेला होता. कायद्याच्या त्या बाजूला काय असतं हे तो ऐकीव माहितीवर दाखवत नव्हता, आणि म्हणूनच बहुधा त्याने ल्यूकला ना संत केलं ना सैतान.

जो अर्धा आक्षेप मी मानतो तो वेगळा आहे. या सिनेमात दारू पिणारा नाही. अख्ख्या दीड तासात ती टाकीतून कुठे जाते, कोण पितो, त्याच्या घरात संध्याकाळी काय होतं, याची एक चौकट नाही. १९५१ च्या ऑक्टोबरात जॉर्जियातल्या अटलांटात मिथेनॉल हे विषारी रसायन मिसळलेली चोरटी दारू पिऊन चाळीसच्या आसपास माणसं मेली, त्यात बहुतेक गरीब कृष्णवर्णीय. सिनेमाच्या सात वर्षं आधीची, त्याच दक्षिणेतली घटना. डोंगरातही सगळे काही तांब्याच्या भांड्यात निगुतीने गाळत नव्हते. वाफ थंड करायला मोटारीचा जुना रेडिएटर लावायचे, त्याच्या डागातलं शिसं दारूत उतरायचं आणि पिणाऱ्याच्या अंगात साठायचं. आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ हे कौतुकाचं विशेषण आहे. जाणता गाळणारा मात्र पहिली धार चाखत नाही, फेकून देतो, कारण नको ती द्रव्यं आधी उतरतात. भाषेने कौतुक केलेली गोष्ट कारागिराने टाकून द्यावी, असं क्वचितच होत असेल. मिचमच्या सिनेमाने पहिली धार फेकलेली नाही. तेवढी नशा त्यात राहिली आहे, हे मान्य करूनच तो पाहावा.

पण याच आक्षेपातून एक गोष्ट निघते. अटलांटातली दारू कुणाच्या परसातल्या भट्टीची चूक नव्हती. मागणी मोठी, माल कमी, म्हणून धंदेवाल्याने पिंपात मिथेनॉल ओतलं. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत शंभरांवर माणसं मेली तिथेही विष होतं ते मिथेनॉलच, कारखान्यांसाठी बनणारं रसायन. काळा गूळ, नवसागर, सडवा, चूल यांतलं काहीच त्याला लागत नाही. पिंप आणलं, पाणी घातलं, पिशव्या भरल्या. खोऱ्यातली भट्टी मोडून धंदा कोगनच्या हाती गेला की बाटलीत काय उतरतं, त्याचं हे उत्तर आहे. गाळणारा आणि पिणारा एका गावात राहतात तोवर लाज नावाची एक तपासणी शिल्लक असते. मधले हात वाढले की ती संपते. हातभट्टी पवित्र आहे असं मी म्हणत नाही. छाप्यांच्या आकड्यांत फोडलेल्या मडक्यांची संख्या मोठी दिसते आणि पिंपांचा माग मात्र कुणी काढत नाही, एवढंच माझं म्हणणं.

इथे दारूविरोधात उभ्या राहिलेल्या बायकांना मी विरोधक मानत नाही, उलट सिनेमाने वगळलेली बाजू त्याच सांगतात. उभी बाटली की आडवी बाटली, असं मतदान गावागावांत झालं आणि दुकानं बंद पडली, त्यामागे कुणाच्या तरी घरातला अनुभव होता. गडचिरोलीची १९९३ ची बंदी लोकांच्या चळवळीतून आली. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये सरकारने ती उठवली, तेव्हा बेकायदा दारू आणि वाढलेले गुन्हे ही कारणं पुढे केली गेली. त्या सहा वर्षांत चंद्रपूरच्या हद्दीवरून रात्री किती ल्यूक डूलिन गेले असतील? त्यातले किती सोळा-सतरा वर्षांचे रॉबिन असतील? आपल्या चर्चेत दोन्ही बाजूंना तो पोरगा नको आहे. बंदीवाल्यांना तो माफियाचा हस्तक वाटतो, बंदी उठवणाऱ्यांना तो बुडालेला महसूल वाटतो. त्याला जप्त झालेल्या गाडीपलीकडे पाहणारा एकही मराठी गुन्हेपट मला आठवत नाही, आणि ट्यूब, घाट, नाका, हप्ता, सगळं साहित्य तर तयार आहे.

सिनेमातल्या उणिवा झाकण्यात अर्थ नाही. क्लबमध्ये गाणाऱ्या फ्रॅन्सीचे प्रसंग रेंगाळतात. कीली स्मिथचा आवाज सुरेख आहे, पण अभिनय करायचा प्रसंग आला की ती गाणं संपल्यासारखी उभी राहते. जेम्स मिचम बापासारखा इतका दिसतो की भाऊ म्हणून पटतो, बोलू लागला की पटेनासा होतो. या भूमिकेसाठी आधी एल्व्हिस प्रेस्लीचा विचार झाला होता म्हणतात. बरं झालं तो आला नाही, सिनेमा गाण्यांत बुडाला असता. रिप्लीचा हा शेवटचा सिनेमा, आणि काही दृश्यांत दिग्दर्शक घरी गेल्यासारखं वाटतं. पण गाडी सुरू झाली की सगळं माफ.

कोगनचं काय झालं, याचं उत्तर सिनेमाच्या बाहेर, आजच्या अॅपलॅचियात आहे. टेनेसीने २००९ मध्ये दारू गाळण्याचे नियम सैल केले आणि पुढच्याच वर्षी गॅटलिनबर्गमध्ये परवानाधारक मूनशाइनचं दुकान उभं राहिलं. बरणीतून, सफरचंदाच्या स्वादात, पर्यटकांना चव देऊन. ज्युनियर जॉन्सनच्या घराण्याच्या पाककृतीवरची बाटली २००७ पासून रीतसर कर भरून विकली जाते. आणि त्याच टेनेसीतल्या कॉक काउंटीचा पॉपकॉर्न सटन, लांब दाढीचा, आयुष्यभर चोरून गाळणारा म्हातारा, २००९ च्या जानेवारीत अठरा महिन्यांची शिक्षा घेऊन बसला होता. त्याच्याकडे एक जुनी फोर्ड होती. तीन घडे दारू देऊन घेतलेली, म्हणून तिला तो ‘तीन घड्यांची गाडी’ म्हणायचा. तुरुंगात हजर होण्याआधी, मार्चमध्ये, त्याने स्वतःचा जीव संपवला. तो सापडला त्या गाडीतच. दोन वर्षांच्या आत त्याच्या नावाची व्हिस्की बाजारात आली, लेबलवर त्याची दाढी आणि किमतीत सरकारचा कर.